बेरोजगारी शून्यावर का येत नाही? आणि जी उरते ती कोणाच्या वाट्याला येते?

मोजपट्टी

१९४४ साली अमेरिका महायुद्धात पुरती गुंतलेली होती. लाखो तरुण सैन्यात गेले होते, कारखाने रात्रंदिवस चालू होते, आणि ज्यांना एरवी कोणी कामावर घेतलं नसतं अशांनाही बोलावून कामं दिली जात होती. तरी त्या वर्षी तिथला बेरोजगारीचा दर १.२ टक्के होता. अकरा वर्षं आधी, १९३३ मध्ये, तो २५ टक्क्यांच्या घरात होता. पंचवीसवरून एकवर येता आलं, पण तो शेवटचा एक टक्का काही गेला नाही. का गेला नाही, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

मी अर्थशास्त्र शिकवते. पुस्तकात बेरोजगारीचे प्रकार ओळीने दिलेले असतात आणि मुलं ते पाठ करून लिहितात. एक काम सोडून दुसरं शोधताना, किंवा शिक्षण संपवून पहिलं काम शोधताना मधे जो काळ जातो ती घर्षणात्मक बेरोजगारी. कामं आहेत, माणसंही आहेत, पण कामाला लागणारं कौशल्य माणसाकडे नाही, किंवा काम एका गावी आणि माणूस दुसऱ्या गावी, ही संरचनात्मक. मंदीत एकूण मागणीच आटते आणि मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून माणसं कमी होतात ती चक्रीय. शेती, पर्यटन, बांधकाम यांत ठरावीक महिने काम नसतं ती हंगामी. ऐन तेजीतही पहिली दोन उरतातच, आणि त्या पातळीला 'नैसर्गिक दर' म्हणायची पद्धत १९६८ च्या आसपास मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांच्या मांडणीतून रुळली.

इथपर्यंत ठीक. पण हे प्रकार कारणांचे आहेत, माणसांचे नाहीत. एकच माणूस मंदीत काम गमावतो, शोधत राहतो, आणि दोन वर्षांनी त्याचं कौशल्य जुनं झालं म्हणून त्याला कोणी घेत नाही. त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? काही बेरोजगारी अटळ आहे हे मला पटतं. 'म्हणजे काही माणसं बेरोजगार राहणारच' असा जो अर्थ त्यातून सर्रास काढला जातो, तो मात्र मला अजिबात मान्य नाही.

भरती_ओहोटी

चांगला विषय. मी बरीच वर्षं नोकरभरतीचं काम करते, त्यामुळे घर्षण म्हणजे काय ते रोज बघते. जागा मंजूर होते, जाहिरात जाते, अर्ज येतात, चाळणी होते, मुलाखतींच्या दोन-तीन फेऱ्या होतात, पगारावर बोलणी होतात, मग निवडलेली व्यक्ती आधीच्या ठिकाणचा नोटीस पीरियड पूर्ण करते. कोणीही आळस केला नाही तरी यात महिने जातात.

बाहेरून वाटतं की हा नुसता वेळखाऊपणा आहे. तसं नाही. चुकीचा माणूस घेतला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि त्या माणसाचंही नुकसान. उमेदवारही पहिली ऑफर डोळे मिटून घेत नाही आणि घेऊही नये. मिळेल ते काम पकडायला भाग पडलेली माणसं लवकर सोडून जातात. म्हणजे या शोधात गेलेला काळ दोघांच्याही कामी येतो.

चौकस

पण मग रिकाम्या जागा आणि रिकामे हात एकाच वेळी कसे असतात? बाजारात एकीकडे मागणी आणि दुसरीकडे पुरवठा असेल तर भाव बदलून दोन्ही जुळायला हवेत ना?

मोजपट्टी

@चौकस, घरांचं बघा. कुठल्याही शहरात भाड्याची रिकामी घरं असतात आणि घर शोधणारी माणसंही असतात, कारण प्रत्येक घर वेगळं आणि प्रत्येकाची गरज वेगळी. नोकरीत हे कितीतरी पटींनी जास्त. पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्टोफर पिसारिडीस यांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते नेमकं या प्रश्नावर: जिथे दोन्ही बाजूंना एकमेकांना शोधावं लागतं, तिथे बाजार कसा चालतो.

अमेरिकेचे आकडे यावर चांगला प्रकाश टाकतात. २००९ च्या मध्यात तिथे दर रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेरोजगार होते. २०२२ च्या वसंतात उलट चित्र होतं, प्रत्येक बेरोजगारामागे जवळजवळ दोन रिकाम्या जागा. एवढ्या जागा असूनही बेरोजगारी साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिली. पहिल्या वेळी अडचण मागणीची होती. दुसऱ्या वेळी जे उरलं ते मुख्यतः शोध आणि जुळणीचं.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांनी १९४४ मध्ये पूर्ण रोजगाराची व्याख्या करताना हेच धरलं होतं. बेरोजगारांपेक्षा रिकाम्या जागा नेहमी जास्त असाव्यात, हा त्यांचा निकष. बेरोजगारी शून्य व्हावी असं ते म्हणाले नाहीत. ब्रिटनसाठी तीन टक्के गृहीत धरले.

काठावर

एरवी फक्त वाचते, आज लिहितेय. माझा विभागच कंपनीने बंद केला. कामाबद्दल तक्रार नव्हती, उलट कौतुकच व्हायचं. तेव्हापासून अर्ज करतेय. 'नैसर्गिक दर' हे शब्द मी पहिल्यांदा बातमीत ऐकले, अर्थव्यवस्था उत्तम आहे, बेरोजगारी नैसर्गिक पातळीवर आहे असं सांगत होते. मी त्या नैसर्गिक पातळीत आहे का? कोणाला तरी बेरोजगार राहणं भागच असेल तर मी अर्ज कशासाठी करतेय, असा विचार मनात येतो. राग नाही, खरंच समजून घ्यायचंय.

मोजपट्टी

@काठावर, लिहिलंत हे फार बरं केलंत. हे नीट सांगायचं तर गणित करावंच लागेल. अवघड नाही, सगळ्यांनी सोबत या.

समजा काम करणारे आणि काम शोधणारे मिळून १०,००० जण आहेत. त्यातले ९,६०० कामावर, ४०० शोधात. दर चार टक्के. आता समजा, दर महिन्याला कामावरच्यांपैकी १ टक्का माणसं या ना त्या कारणाने बाहेर पडतात, म्हणजे ९६ जण. आणि शोधणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांना काम मिळतं, तेही ९६ जणच. पुढच्या महिन्यातही ४०० बेरोजगार, त्याच्या पुढच्या महिन्यातही ४००. बातमीत येईल 'बेरोजगारी चार टक्क्यांवर स्थिर'. पण ते ४०० जण तेच नाहीत. सरासरी चार महिन्यांत एकेक जण बाहेर पडतोय आणि त्याच्या जागी दुसरा येतोय.

आता दुसरा देश घ्या. तिथे नोकऱ्या सहसा जात नाहीत, महिन्याला पाव टक्काच, म्हणजे २४ जण. पण एकदा गेली की मिळणं कठीण, शोधणाऱ्यांपैकी महिन्याला फक्त ६ टक्क्यांना मिळते. ४०० चे ६ टक्के, पुन्हा २४. इथेही दर चार टक्केच! पण इथे बेरोजगार राहण्याचा सरासरी काळ आहे सोळा-सतरा महिने.

कागदावर दोन्ही देश सारखे. पहिल्यात बेरोजगारी अनेकांना थोडी थोडी स्पर्श करून जाते, दुसऱ्यात ती मोजक्या लोकांच्या मानगुटीवर बसते. 'नैसर्गिक' या शब्दाने ज्याचं समर्थन होऊ शकतं ते पहिल्या देशातल्या ये-जा करण्याचं. त्या चार टक्क्यांत कोणाचंही नाव कायमचं लिहिलेलं नाही, तुमचंही नाही. नोकरी मिळण्याचा तो २४ टक्क्यांचा आकडा १२ वर आला, तर त्याच हिशेबाने बेरोजगारी ७.७ टक्क्यांवर जाते. मंदीत घडतं ते बरंचसं हेच. तेव्हा कोणाच्या अर्जात अचानक काही खोट निर्माण झालेली नसते.

चौकस

हिशेब पटला. दोनदा करून बघितला.

पण माझा भावाचा प्रश्न अजून उरलाच. ४०० जण काम मागतायत, तर पगार थोडा खाली येऊन त्यांना सामावून का घेतलं जात नाही?

धुळाक्षर

@चौकस, कारण मालकालाच पगार पाडायचा नसतो. १९१४ चं फोर्डचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याआधीच्या वर्षी कारखान्यातून माणसं इतक्या वेगाने सोडून जात होती की सुमारे १४,००० कामगार टिकवायला वर्षभरात ५२,००० हून अधिक जणांची भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोजचा मोबदला पाच डॉलर केला, आधीच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि पाळी नऊऐवजी आठ तासांची. दारात रांगा लागल्या. सोडून जाणं झपाट्याने घटलं.

आता त्या रांगेचा विचार करा. त्यातल्या प्रत्येकाला कमी पैशातही काम चाललं असतं. तरी फोर्डने दर उतरवला नाही, कारण जास्त दरामुळेच आतली माणसं टिकत होती आणि मन लावून काम करत होती. शापिरो आणि स्टिग्लिट्झ या अर्थतज्ज्ञांनी १९८४ मध्ये हे सूत्रबद्ध मांडलं: सगळेच मालक असा जास्त पगार देऊ लागले की बाजारात कायम काही माणसं बाहेर राहतात, आणि बाहेर राहण्याची भीती आतल्यांना शिस्तीत ठेवते.

जुना_वाचक

धुळाक्षर यांनी शेवटी जे लिहिलंय त्यावर थांबायला हवं. बेरोजगारीची भीती शिस्त लावते! मग 'अटळ' म्हणताय ती अटळ आहे की कोणाच्या तरी सोयीची? मार्क्सने १८६७ मध्येच राखीव औद्योगिक सेनेबद्दल लिहिलं. दारात उभी असलेली माणसं आतल्यांच्या पगाराला लगाम घालतात. १९४३ मध्ये अर्थतज्ज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी आणखी पुढे जाऊन म्हटलं, की सरकारला पूर्ण रोजगार आणता आला तरी उद्योगांचे मालक तो टिकू देणार नाहीत, कारण कामावरून काढण्याच्या धमकीत दमच उरणार नाही. बेरोजगारीच्या प्रत्येक चर्चेत कौशल्य, शोध, जुळणी यांवर बोललं जातं आणि सत्तेचा हा भाग गळतो. तो गळू नये.

मोजपट्टी

@जुना_वाचक, तो गळू नये याला पूर्ण अनुमोदन. गंमत म्हणजे शापिरो-स्टिग्लिट्झ आणि कालेत्स्की वेगवेगळ्या वाटेने जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. मात्र मालक-कामगार संघर्ष उद्या संपला तरी शोधायला वेळ लागणारच, हंगाम बदलणारच, एखादा उद्योग मावळणारच. कारणं एकाहून जास्त आहेत आणि म्हणूनच कुठलंही एक औषध पुरत नाही.

रानवाट

मग सोव्हिएत संघाचं काय? तिथे बेरोजगारी नव्हतीच ना?

धुळाक्षर

१९३० मध्ये त्यांनी बेरोजगारी संपल्याचं जाहीर केलं आणि बेकारभत्ताही बंद केला. प्रत्येकाला काम होतं हे बव्हंशी खरं. पण कारखान्यांचे व्यवस्थापक गरजेपेक्षा जास्त माणसं धरून ठेवायचे. उत्पादनाचं लक्ष्य अचानक वाढलं तर हाताशी असावीत म्हणून, आणि पगाराचा भार स्वतःला सोसायचा नसल्यामुळे. रिकामेपण रस्त्यावरून उठून कारखान्याच्या आत गेलं. शिवाय काम नसणं हा गुन्हा धरला जायचा, हेही विसरू नये.

रानवाट

हे वाचून छुप्या बेरोजगारीची आठवण झाली. धाग्यात तो प्रकार अजून आलाच नाही. तीन माणसांचं काम घरातली पाच माणसं करतात. दोघं दुसरीकडे गेली तरी पीक तेवढंच येईल, पण कोणीही स्वतःला बेरोजगार म्हणत नाही, कारण सगळेच सकाळी उठून कामाला जातात. शेतीवर जगणाऱ्या गरीब देशांत खरा प्रश्न हा आहे.

मोजपट्टी

@रानवाट, बरोबर, आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो मोजणीत सापडत नाही. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये याच वाढीव हातांवर विकासाचा सिद्धांत उभा केला. शेतीतली ही माणसं उद्योगात आली तर शेतीचं उत्पादन फारसं न घटता देश पुढे जाईल, असा तो विचार. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मोजणीचा नियम एकदा नीट सांगते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषानुसार बेरोजगार ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: पाहणीच्या आठवड्यात एक तासही मोबदल्याचं काम केलेलं नसावं, अलीकडे काम शोधण्यासाठी प्रत्यक्ष काही केलेलं असावं, आणि काम मिळालं तर लगेच रुजू होण्याची तयारी असावी. एक तास काम केलं की माणूस रोजगारात. आशा सोडून शोधणं थांबवलं की तो बेरोजगारांत नाही आणि रोजगारातही नाही, श्रमशक्तीच्याच बाहेर. म्हणजे लोक निराश होऊन अर्ज करायचे थांबले तरी दर खाली येतो! शिवाय ज्या देशात बेकारभत्ता नाही, तिथे गरिबाला बेरोजगार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते करतो, आणि दर कमी दिसतो. म्हणून कमी दर पाहून लगेच आनंद मानू नये.

भरती_ओहोटी

@काठावर यांच्या प्रश्नाकडे परत येते. माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अर्जांची चाळणी करताना नोकरीत पडलेला खंड बघितला जातो. खंड जेवढा मोठा तेवढा अर्ज खाली. त्यामागे विचार असा की इतरांनी घेतलं नाही म्हणजे काहीतरी असणार. पण इतरांनीही हाच विचार करून घेतलेलं नसतं. अलीकडे ही चाळणी बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर करतं, तिथे कारण विचारायलाही कोणी नसतं. हे मला फार खटकतं, आणि बैठकांत मी तसं बोलते.

मोजपट्टी

@भरती_ओहोटी, तुम्ही जे सांगताय ते एका प्रयोगात दिसलंय. अमेरिकेत संशोधकांनी हजारो काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त बेरोजगारीच्या काळात. काळ वाढत गेला तसं मुलाखतीचं बोलावणं घटत गेलं, आणि सगळ्यात मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यांतच दिसली. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांचा हा अभ्यास २०१३ चा.

म्हणजे शोधाला लागलेला वेळच पुढे अडसर होतो. घर्षणातून संरचनात्मक बेरोजगारी अशी तयार होते, माणसात काहीही कमी झालेलं नसताना. ब्लँचर्ड आणि समर्स यांनी १९८६ मध्ये युरोपबद्दल हेच मांडलं. मंदी संपली तरी बेरोजगारी जुन्या पातळीवर परतली नाही, कारण मंदीनेच ती पातळी वर सरकवली होती. 'नैसर्गिक' म्हणवणारा दर काही अंशी आपल्याच धोरणांचं फळ असतो, असा याचा अर्थ.

आणि तो दर कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. १९९० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत बहुतेक तज्ज्ञ तो सहा टक्क्यांच्या आसपास धरत. त्याखाली गेलो तर महागाई भडकेल असं म्हणत. २००० साली बेरोजगारी चार टक्क्यांवर आली, महागाई भडकली नाही. पुढे फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, दीर्घकालीन अंदाजही २०१२ च्या ५.२ ते ६ टक्क्यांवरून २०१९ अखेर ४.१ पर्यंत उतरला. सहा आणि चार यांमधल्या दोन टक्क्यांत लाखो माणसं येतात. त्यांना बाहेर ठेवणं ही निसर्गाची आज्ञा होती असं कोणी आज म्हणू शकेल का?

जुना_वाचक

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सहमत.

चौकस

संरचनात्मक बेरोजगारीवर उपाय म्हणून 'नवीन कौशल्यं शिका' असं सगळीकडे ऐकू येतं. एवढं सोपं आहे का ते?

धुळाक्षर

सोपं अजिबात नाही. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत १९२० च्या सुमारास जवळपास १२ लाख माणसं होती. शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. या मधल्या काळात, विशेषतः खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपानंतर, गावंच्या गावं एका उद्योगावर उभी होती ती एकदम रिकामी पडली. पन्नाशीच्या खाणकामगाराला दूरच्या शहरातली कार्यालयीन नोकरी सुचवणं म्हणजे त्याचं घर, नातीगोती आणि आयुष्यभराची कसब बाजूला ठेवायला सांगणं. खाण बंद झाल्यावर गावातल्या घराला किंमत येत नाही, मग तो दुसरीकडे घर घेणार कशाच्या जोरावर?

दुसरी नोकरी मिळाली तरी प्रश्न संपत नाही. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या जुन्या, अनुभवी कामगारांवरचा १९९३ मधला अभ्यास सांगतो की अडचणीतल्या कंपन्यांमधून बाहेर पडावं लागलेल्यांची कमाई सहा वर्षांनंतरही सुमारे २५ टक्के कमीच होती. बेरोजगारीच्या दरात ही माणसं नव्हती. त्यांना काम होतं!

काठावर

सगळं वाचलं. हिशेबाचा प्रतिसाद दोनदा वाचला. आपण एका ये-जा करणाऱ्या प्रवाहात आहोत आणि बाहेर पडायची वाट रुंद की अरुंद हे बरंचसं आपल्या हातात नसतं, हे आकड्यांत बघून उलट बरं वाटलं. एक विचारते, ही वाट रुंद करण्यात कोणाला यश आलंय का? नुसतं माहितीसाठी नाही, आम्ही काही जण मिळून स्थानिक प्रतिनिधींना निवेदन देणार आहोत.

मोजपट्टी

@काठावर, निवेदनात घालण्याजोग्या गोष्टी सांगते.

मंदीत नोकरी तुटूच न देणं हा एक मार्ग. २००९ मध्ये जर्मनीचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. कंपन्यांनी माणसं काढण्याऐवजी तास कमी केले आणि गेलेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विमा निधीने भरून दिला. ऐन भरात १४-१५ लाख कामगार या योजनेत होते. पण उद्योगच मावळत असेल तर ही योजना फक्त निरोप लांबवते, तिथे ती मागू नका.

डेन्मार्कचा मार्ग वेगळा. तिथे मालकाला माणूस काढणं तुलनेने सोपं, पण काढलेल्याला चांगला भत्ता, आणि त्यासोबत शोधायला मदत व प्रशिक्षण, ज्यात भाग घेणं बंधनकारक. माझ्या पहिल्या उदाहरणातल्या देशाच्या जवळ जाणारी ही रचना आहे. खर्च मोठा येतो आणि तो करांतून उभा करावा लागतो, हे निवेदनात लपवू नका.

प्रशिक्षण मागाल तेव्हा एक अट जरूर घाला. अभ्यासक्रम ठरवताना प्रत्यक्ष माणसं घेणारे उद्योग सोबत असले पाहिजेत. नुसती प्रमाणपत्रं वाटणारे वर्ग फारसे उपयोगी पडत नाहीत. आणि सगळ्यात कमी खर्चाची मागणी @भरती_ओहोटी यांच्या वरच्या मुद्द्यातून निघते: सरकारी आणि सरकारी कंत्राटं घेणाऱ्या आस्थापनांनी तरी पहिल्या चाळणीत नोकरीतला खंड बघू नये.

भरती_ओहोटी

@काठावर, निवेदनाचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. चाळणीच्या मुद्द्याचा परिच्छेद मी लिहून देते. भरतीच्या प्रक्रियेत नेमक्या कुठल्या टप्प्यावर हा नियम बसवता येईल, ते त्यात स्पष्ट असलं की 'हे व्यवहार्य नाही' असं कोणाला म्हणता येणार नाही.

काठावर

आज रात्रीच पाठवते. मनापासून आभार.